घरचा कॉम्प्युटर: इथला आणि तिकडचा



परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांकडे सांभाळायला दोन कॉम्प्युटर असतात. एक इथला, आपल्या टेबलावरचा. दुसरा तिकडचा, पुण्याला, सांगलीला किंवा डोंबिवलीला, आई-बाबांच्या हॉलमध्ये, वर क्रोशाचा रुमाल टाकलेला. इथला बिघडला तर आपण रात्री जागून बघतो. तिकडचा बिघडला की वीकेंडला फोन येतो, "अरे, ते निळं निळं काहीतरी आलंय, काय करू?" आयटीत असलेल्या माणसाची यातून सुटका नाही. तुम्ही जावा लिहा, टेस्टिंग करा नाहीतर नुसत्या मीटिंगा करा, नातेवाइकांच्या लेखी सगळे सारखेच.

इथल्या कॉम्प्युटरबद्दल मी फार लिहिणार नाही. तुम्ही सगळे जाणकार आहात आणि ऑफिसचा लॅपटॉप तर कंपनीच सांभाळते. मला जास्त काळजी तिकडच्याची वाटते. आई-बाबांची बँक, पेन्शन, म्युच्युअल फंड, गॅसचं बुकिंग, सगळं आता त्यावर आलंय. आणि त्याची निगा मात्र अजून २००५ सालच्या पद्धतीने राखली जाते.

ती पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच. मशीन स्लो झालं की गल्लीतल्या हार्डवेअरवाल्या मुलाला बोलवायचं. तो येतो, चहा घेतो, "काका, व्हायरस आहे, फॉरमॅट मारावं लागेल" म्हणतो, आणि खिशातल्या पेन ड्राइव्हवरून विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, असेल नसेल ते सगळं टाकून जातो. लायसन्स वगैरे विचारायचं नाही. वर एखादा चकटफू रजिस्ट्री क्लीनर. मशीन दोन महिने पळतं, बाबा खूश. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत असेंबल करून घेतलेल्या मशीनवर आपल्यापैकी कित्येकजण असंच कॉम्प्युटर शिकले, त्यामुळे नावं ठेवायला जीभ धजत नाही. पण काळ बदललाय. त्या काळचा व्हायरस कॉम्प्युटर बिघडवायचा. आजचा बिघडवत नाही. तो गुपचूप बसून ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू असलेली लॉगिन्स उचलून नेतो. कॉम्प्युटर छान पळत असतो, त्यामुळे कुणाला कळतही नाही. आणि असल्या चोरट्या प्रोग्रॅम्सचा घरात शिरायचा आवडता रस्ता कोणता, तर क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर. म्हणजे फॉरमॅट मारून स्वच्छ केलेलं मशीन पहिल्या दिवसापासूनच अस्वच्छ असू शकतं.

क्लीनरचं म्हणाल तर २०१७ मध्ये सीसीक्लीनर या अतिशय लोकप्रिय प्रोग्रॅमच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला होता, आणि ती सुमारे २२ लाख लोकांनी उतरवून घेतली होती. केरसुणीतच विंचू. विंडोजला आज असल्या क्लीनरची गरज नाही. डिस्क क्लीनअप त्यात आहे. एसएसडी असेल तर डीफ्रॅग करायचं नाही, विंडोज स्वतःच तिची काळजी घेतं. मशीन खरोखरच स्लो असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर फॉरमॅटपेक्षा एक साधी एसएसडी बसवून घ्या. जुन्या मशीनवर एवढ्या थोड्या पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

अँटीव्हायरस कोणता घ्यावा, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर विंडोजबरोबरच येतो आणि घरच्या वापराला तो पुरतो. बाबांनी क्विक हीलचे पैसे भरलेच असतील तर राहू द्या. पुण्याची कंपनी आहे, बाबांचा विश्वास आहे, त्यावरून वाद घालू नका. फक्त दोन अँटीव्हायरस एकाच मशीनवर पूर्ण वेळ चालू ठेवू नका. एका म्यानात दोन तलवारी.

खरा प्रश्न अपडेटचा आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म आला होता, आठवतोय? साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून कॉम्प्युटर बंद करायचा. आम्ही तेव्हा शाळेत होतो, सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून बसलं की मध्येच मशीन बंद, आणि कॅफेवाला पैसे परत द्यायला तयार नाही. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिलेला होता, वर्मच्या जवळजवळ महिनाभर आधी. पुढे १२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला. ब्रिटनमधली सरकारी इस्पितळं अडली, ऑपरेशन्स पुढे ढकलावी लागली. त्याचाही पॅच १४ मार्चलाच आलेला होता. दोन्ही वेळा औषध घरात होतं, घेतलं नव्हतं एवढंच.

आणि इथेच आत्ताचा अडचणीचा मुद्दा येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं सपोर्ट बंद केलं. आई-बाबांचं मशीन २०१८ च्या आधीचं असेल तर बहुधा ते १० वरच असणार. ते पूर्वीसारखंच चालू होतं, पूर्वीसारखंच चालतं, आणि म्हणून कुणाला काही वाटत नाही. "चांगलं चाललंय की, कशाला हात लावतोस?" हे बाबांचं वाक्य मी इथे बसूनसुद्धा ऐकू शकतो.

त्यावर करता येण्यासारखं काय काय आहे?

आधी त्या मशीनवर विंडोज ११ चालतं का ते नीट बघा. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप, सिक्युअर बूट आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. पण "चालत नाही" असा निकाल आला म्हणून लगेच मशीन भंगारात काढू नका. असेंबल केलेल्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये टीपीएमची सोय असते, फक्त बायोसमध्ये ती बंद असते. इंटेलच्या बोर्डवर तिला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. ती चालू केली की तेच मशीन पास होतं. फोनवरून आईला बायोसमध्ये न्यायचा प्रयत्न मात्र करू नका. हे काम प्रत्यक्ष गेल्यावरच.

प्रोसेसरच जुना असेल तर मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट्सची सोय जाहीर केली. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर ती फुकट मिळते, नाहीतर तीस डॉलर किंवा तिथले तेवढे पैसे. ही मुदतवाढ आहे, उपाय नव्हे. इंटरनेटवरून नियम चुकवून ११ टाकायच्या युक्त्या मिळतात. आपल्या स्वतःच्या मशीनवर हौस म्हणून ठीक, पण आठ हजार मैलांवरच्या मशीनवर असले प्रयोग मी करणार नाही.

आणि तिसरी वाट, जी मला सगळ्यात पटते. आई-बाबा त्या मशीनवर करतात काय, ते एकदा बसून बघा. यूट्यूबवर कीर्तन आणि नाटकं, ईमेल, बँक, ई-पेपर, नातवंडांचे फोटो. हे सगळं ब्राउझरमध्ये होतं. मग जुन्या मशीनवर क्रोमओएस फ्लेक्स किंवा लिनक्स मिंट का नको? दोन्ही फुकट, दोन्ही अधिकृत, आणि विंडोजसाठी लिहिलेला चोरटा प्रोग्रॅम त्यावर चालतच नाही. प्रिंटर आधी तपासून घ्या, नाहीतर लाइट बिल छापता आलं नाही म्हणून लिनक्सच्या नावाने जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.

इथवर मशीनचं झालं. आता मला खरं जे सांगायचंय ते.

गेली पंधराएक वर्षं आपण सगळ्यांनी मिळून आपल्या आई-बाबांना एक गोष्ट अगदी पक्की शिकवली. काय? तर कॉम्प्युटर बिघडला की फोनवर एक माणूस सांगेल तसं करायचं. "टीमव्ह्यूअर उघडा. एनीडेस्क उघडा. स्क्रीनवर नंबर दिसतोय का? तो वाचून दाखवा. आता ॲक्सेप्ट म्हणा. आता माउसला हात लावू नका, मी करतो." दर महिन्याला हाच पाठ. आई-बाबांनी तो पाढ्यासारखा पाठ केला, कारण सांगणारा आपला मुलगा किंवा मुलगी होती.

आता बँकेतून बोलतोय, वीज कंपनीतून बोलतोय, केवायसी संपतंय असं म्हणणारा माणूस फोनवर नेमकं काय सांगतो? शब्दन्‌शब्द हेच. नंबर वाचा, ॲक्सेप्ट म्हणा, माउसला हात लावू नका. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल सावध केलं होतं. विंडोजबरोबर येणाऱ्या क्विक असिस्टचाही असाच वापर होतोय, हे मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये स्वतःच सांगितलं. प्रोग्रॅममध्ये दोष नाही, तो त्याचं काम चोख करतो. अडचण अशी की समोरच्या ठगाला आई-बाबांना काही नवीन शिकवावंच लागत नाही. शिकवणी आपण आधीच घेऊन ठेवलेली असते.

ही विद्या आपल्याकडचीच, हेही मान्य करायला हवं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले होते. तिथली पोरं अमेरिकेतल्या लोकांना आयआरएसच्या नावाने धमकावून पैसे उकळत होती. इथे आपल्या शेजारच्या म्हाताऱ्यांना येणारे फोन आणि तिकडे आपल्या म्हाताऱ्यांना येणारे फोन, दोन्हींची तऱ्हा एकच. आधी घाबरवायचं, मग घाई करायची, मग "कुणाला सांगू नका". डिजिटल अरेस्ट हा त्यातलाच पुढचा अवतार. व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या गणवेशातला माणूस बसवून तासन्‌तास हलू द्यायचं नाही. असली कुठलीही अटक भारतीय कायद्यात नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनाही सांगावं लागलं. निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतून मोठ्या पदावरून रिटायर झालेले काका, हे लोक फसतात ते बावळट असतात म्हणून नव्हे. सरकारी आवाजापुढे शिस्तीत वागायची त्यांना सवय असते म्हणून फसतात. घरात दोघंच, मुलं परदेशात, आणि मुलांची झोपमोड नको म्हणून रात्री फोन करायचा नाही. ठगाला आणखी काय हवं?

म्हणून माझं म्हणणं, तो नंबर वाचून दाखवायचा रिवाजच घरातून हद्दपार करा. पुढच्या भारतवारीत आई-बाबांच्या मशीनवर क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा तत्सम काही कायमचं बसवून या, ज्याला पिन तुमच्याकडे असतो आणि तिकडे कुणाला काही वाचायची, दाबायची गरज पडत नाही. अर्थात तुमच्या त्या गूगल अकाउंटवर दोन टप्प्यांचं लॉगिन हवंच, कारण आता घराची किल्ली त्यात आहे. मग आई-बाबांना सांगायचा नियम एका वाक्यात बसतो: "स्क्रीनवरचा नंबर मागणारा माणूस आमच्यापैकी नाही, मग तो कुणाचंही नाव सांगो." जुना नियम होता "ओळखीच्यालाच नंबर द्या". तो कुचकामी आहे, कारण फोनवर ओळख पटवणं हेच तर ठगाचं कसब. आता तर आवाजाचीही नक्कल होते. घरात एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवा, लहानपणीचं टोपणनाव किंवा जुन्या वाड्यातल्या मांजराचं नाव, जे फेसबुकवर कुठे नाही.

जुने टीमव्ह्यूअर, एनीडेस्क काढून टाका. आई-बाबांचं रोजचं लॉगिन साधं ठेवा, ॲडमिनचा पासवर्ड वेगळा आणि तो तुमच्याकडे. बाबा थोडे दुखावतील, "माझ्याच घरात मला परवानगी?" म्हणतील. त्यांना सांगा की ऑफिसात आम्हालाही नसते, जे खरं आहे. याने भलतंसलतं सॉफ्टवेअर बसण्याला बराच आळा बसतो. पण एक लक्षात ठेवा, एनीडेस्कसारखे प्रोग्रॅम इन्स्टॉल न करताही चालतात, त्यामुळे नुसत्या साध्या लॉगिनवर विसंबून चालणार नाही. ब्राउझरमधली नोटिफिकेशन्स सरसकट बंद करा आणि जाहिराती अडवणारं यूब्लॉक टाका. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" हे भोंगा वाजवणारं पान बहुतेक वेळा जाहिरातीतूनच येतं.

आणि काहीही चुकलंय असं वाटलं तर काय करायचं, हे आधीच सांगून ठेवा. मेन्यू शोधायचा नाही, क्रॉस दाबायचा नाही. भिंतीवरचं बटण बंद करायचं, लॅपटॉप असेल तर वायफायच्या डब्याचं बटण. कॉम्प्युटर असा बंद करू नये, हे आपणच शिकवलं होतं. या एका प्रसंगी करावा. मग बँकेला फोन, आणि लगेच १९३० वर. सायबर फसवणुकीसाठी असलेला हा भारत सरकारचा नंबर. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जायच्या आत कळवलं तर ते गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून इथे तास नव्हे, मिनिटं मोजायची. हा नंबर मॉनिटरच्या कडेला मोठ्या अक्षरात चिकटवून या. त्याखाली आणखी एक ओळ लिहा: "रात्री कितीही वाजता फोन करा."

पासवर्डबद्दल थोडक्यात. दर तीन महिन्यांनी बदला, हा जुना सल्ला अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ मध्येच मागे घेतला, कारण लोक फक्त शेवटचा आकडा वाढवतात. लांब पासवर्ड, प्रत्येक ठिकाणी वेगळा, बिटवॉर्डन किंवा कीपासमध्ये ठेवलेला, हे आपल्यासाठी. बाबांसाठी? वही चालेल. खरंच चालेल. कपाटातल्या वहीपर्यंत रशियातला हॅकर पोचत नाही. फक्त ती वही मॉनिटरखाली नको, देवघराच्या कपाटात ठेवा, आणि आईलाही माहीत असू द्या.

आपल्यासारख्यांची एक खास अडचण म्हणजे भारतातला मोबाइल नंबर. जीमेल, मायक्रोसॉफ्ट, भारतातली बँक, सगळ्यांचा रिकव्हरी नंबर म्हणून तो दिलेला असतो आणि सिम पडून असतं कपाटात. नव्वद दिवस काहीच वापर नसेल आणि बॅलन्सही नसेल तर कंपनी ते बंद करू शकते आणि पुढे तो नंबर दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे तुमचे ओटीपी परभणीतल्या कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर. एकदा बसून सगळ्या अकाउंट्सचे रिकव्हरी नंबर तपासा. आई-बाबांच्या अकाउंटचेही, कारण तिथे पुष्कळदा त्यांचा दहा वर्षांपूर्वीचा बंद झालेला नंबर असतो. नवीन लॅपटॉप घेतला असेल तर त्याची डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट झालेली असते आणि रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बसते. ते अकाउंट दुकानातल्या मुलाने स्वतःच्या मनाने काढलं असेल आणि पासवर्ड कुणालाच माहीत नसेल, तर एखाद्या दिवशी मशीन अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागेल आणि फोटोंसकट सगळं आत अडकेल. ती की छापून वहीत ठेवा.

राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला, त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा. मे २०१८ मध्ये एफबीआयने लोकांना घरचे राउटर बंद करून परत चालू करायला सांगितलं होतं, व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरमुळे, तेव्हा हे काही काल्पनिक भय नाही. पावसाळ्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडून पंख्यावरची धूळ झाडून घ्या, यूपीएसची बॅटरी बघा. झालं.

शेवटी बॅकअप. नियम साधा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. आपल्या कुटुंबांना घराबाहेरची जागा शोधावी लागत नाही, समुद्रापलीकडचं घर आहेच. एक हार्ड डिस्क तिकडे, एक इकडे, एक प्रत क्लाउडवर. डिस्क कायम जोडून ठेवायची नाही, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. आणि नुसत्या क्लाउडवर विसंबू नका. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, पिकासाही २०१६ मध्ये गेलं.

पण बॅकअप घेताना एका गोष्टीकडे आपल्या मराठी घरांनी वेगळं लक्ष द्यावं. निवृत्तीनंतर खूप बाबांनी कॉम्प्युटरवर मराठीत लिहून ठेवलेलं असतं. घराण्याची वंशावळ, गावच्या जमिनीचा इतिहास, आजीची गाणी, स्वतःच्या नोकरीच्या आठवणी. हे लिखाण पुष्कळदा श्रीलिपी, शिवाजी, किरण अशा जुन्या फॉन्टमध्ये असतं, युनिकोडमध्ये नसतं. फाइलची प्रत घेतली, नव्या मशीनवर उघडली, की दिसतात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट जुन्या मशीनबरोबर फॉरमॅटमध्ये गेलेला. फाइल जिवंत, मजकूर वाचता येत नाही. म्हणून विंडोज १० चं मशीन मोडीत काढायच्या आधी, ते चालू आहे आणि फॉन्ट त्यात आहेत तोवर, अशा प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा. मग कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकवतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला लावतात. त्या चुका तपासायला बाबांनाच बसवा आणि तुम्ही शेजारी बसा. वंशावळीतली नावं बरोबर की चूक, हे सांगू शकणारं दुसरं कुणी नाही.